कॉन मार्टिनचे पदक

१९४१ साली डब्लिन काउंटीच्या संघाने गेलिक फुटबॉलमध्ये लेन्स्टर प्रांताचे अजिंक्यपद पटकावले. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा. विजयी संघातील खेळाडूंना पदके मिळायची, तशी ती मिळाली. पण त्यातल्या एका अठरा वर्षांच्या पोराचे पदक अडकवून ठेवण्यात आले. त्याचे नाव कॉन मार्टिन. त्याचा गुन्हा एवढाच की, हा मुलगा दुसऱ्या एका मैदानावर दुसऱ्या प्रकारचा फुटबॉलही खेळतो अशी कुणकुण संघटनेला लागली. त्याला संघटनेतून काढून टाकले गेले. ज्या नियमाने त्याला काढले तो नियम १९७१ साली रद्द झाला, तेव्हा कुठे ते पदक मोकळे झाले. मध्ये तीस वर्षे गेली. मार्टिन तोवर अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला होता आणि त्याची सारी कारकीर्द खेळून संपली होती.

या माणसाविषयी महाविद्यालयाच्या वार्षिकात का लिहावे, असे कोणी विचारील. गेल्या वर्षी एका परिसंवादात एका वक्त्याने मोठ्या तळमळीने सांगितले की, आपले जे आहे ते टिकवायचे असेल तर आपल्या मुलांना परक्याच्या अंगणात पाऊल टाकू देता कामा नये. टाळ्या चांगल्या पडल्या. तळमळ खरी होती, याविषयी मला शंका नाही. पण असा विचार एका देशाने नियम करून, सहासष्ट वर्षांच्या वर काटेकोरपणे अमलात आणून पाहिलेला आहे, आणि त्याचा हिशेब मांडता येण्याजोगा आहे. तो मांडावा म्हणून हा लेख. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला शेवटपर्यंत अंदाज करीत बसायला नको: कॉन मार्टिनचे पदक अडवणाऱ्यांनी आपल्या खेळाचे काडीचेही रक्षण केले नाही, उलट त्या खेळाने घडवलेला एक उत्तम माणूस मात्र घालवला.

आता त्या संघटनेची बाजू. ती नीट समजून घेतली नाही तर तिच्यावर अन्याय होईल, आणि आपला मुद्दाही लंगडा पडेल.

गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावातील एका हॉटेलात स्थापन झाली. आयर्लंड तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होते. भाषा मागे पडत होती, दुष्काळाने आणि देशांतराने गावे ओस पडली होती, आणि शहरातला सुशिक्षित तरुण क्रिकेट, रग्बी असल्या साहेबी खेळांकडे वळत होता. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या देशी खेळांना नियम, स्पर्धा, मैदाने आणि मान मिळवून देण्याचे काम या संस्थेने केले. गेलिक फुटबॉल आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नसेल, म्हणून थोडे सांगतो. दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा खेळाडू. चेंडू पायाने मारायचा तसा हातातही धरायचा, उडी मारून झेलायचा, मुठीने पुढे ढकलायचा. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. वरून गेला तर सहसा एक गुण. खेळणाऱ्याला पैसा नाही. गावासाठी, काउंटीसाठी खेळायचे, आणि सोमवारी सकाळी पुन्हा शेतावर किंवा कचेरीत जायचे.

या संस्थेने रक्तही दिले आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर डब्लिन विरुद्ध टिपरेरी असा सामना चालू असताना इंग्रजी सत्तेची सशस्त्र दले आत शिरली आणि त्यांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. चौदा माणसे मेली. त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन होता. आजही त्या मैदानाच्या एका प्रेक्षागृहाला त्याचे नाव आहे. ज्यांनी हे सोसले त्यांनी इंग्रजांच्या खेळाला ‘विलायती खेळ’ म्हणून दूर ठेवावे, यात मला नवल वाटत नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर कदाचित आपणही तेच केले असते.

पण दूर ठेवणे वेगळे आणि पहारा बसवणे वेगळे. विसाव्या शतकाच्या आरंभी या संस्थेने पक्का केलेला नियम असा होता की, जो सभासद फुटबॉल, रग्बी, हॉकी किंवा क्रिकेट खेळेल, इतकेच नव्हे तर त्यांना उत्तेजन देईल किंवा ते पाहायलाही जाईल, त्याचे सभासदत्व जाईल. हे केवळ कागदावर नव्हते. संस्थेच्या दक्षता समित्या होत्या. त्यांची माणसे फुटबॉलच्या सामन्यांना जाऊन गर्दीत आपले कोणी दिसते का ते पाहत. (बंदी असलेला खेळ दर आठवड्याला न चुकता पाहण्याची सोय फक्त या समितीच्या सभासदांनाच होती, हा भाग निराळा.) मग पोरे खोट्या नावांनी खेळू लागली. एका अंगाने देशभक्तीचा नियम, दुसऱ्या अंगाने खोटे बोलण्याची शिकवण!

गंमत अशी की, संस्थेचा मुख्य संस्थापक मायकेल क्युसॅक हा स्वतः क्रिकेट आणि रग्बी खेळलेला माणूस. पुढे आयर्लंडचे सर्वेसर्वा झालेले डी व्हॅलेरा तरुणपणी रग्बी खेळत. आणि डग्लस हाइड यांची गोष्ट तर आपल्यासारख्या भाषेवर प्रेम करणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. हाइड हे एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. आयरिश भाषा मरणपंथाला लागली असताना १८९३ साली ज्यांनी गेलिक लीग स्थापन केली त्यांतले हे अग्रणी. लीगचे पहिले अध्यक्ष. आयरिश भाषेसाठी त्यांनी जेवढे केले तेवढे त्या पिढीत क्वचितच कोणी केले असेल. १९३८ साली ते आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. गेलिक संस्थेने त्यांना फार पूर्वीच आपले आश्रयदाते केले होते. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला डब्लिनच्या डॅलीमाउंट पार्कवर आयर्लंड विरुद्ध पोलंड असा फुटबॉलचा सामना झाला. देशाचा संघ खेळतो आहे म्हणून राष्ट्राध्यक्ष या नात्याने हाइड सामन्याला गेले. पुढच्याच महिन्यात संस्थेने त्यांना आश्रयदातेपदावरून दूर केले.

त्या दिवशी त्यांच्यासोबत ऑस्कर ट्रेनर नावाचे मंत्री होते. हे ट्रेनर म्हणजे १९१६ च्या उठावात लढलेले, पुढे स्वातंत्र्ययुद्धात डब्लिन ब्रिगेडचे नेतृत्व केलेले गृहस्थ. आणि तरुणपणी बेलफास्ट सेल्टिक या क्लबाचे गोलरक्षक! ज्याने इंग्रजी सत्तेविरुद्ध बंदूक उचलली त्याला फुटबॉलमुळे आपण इंग्रज होऊ अशी भीती वाटली नाही. ती भीती समितीत बसणाऱ्यांना वाटली. असे का व्हावे? माझा तर्क असा की, ज्याने आपल्या हाताने काही उभे केले आहे त्याला ते सहज मोडणार नाही हे ठाऊक असते. जे नुसते राखणीला बसलेले असतात त्यांना पानाची सळसळही चोरासारखी ऐकू येते.

आपल्याकडे सकाळी खोखो खेळणारा मुलगा संध्याकाळी क्रिकेटची बॅट घेऊन बाहेर पडतो आणि त्याचा कोणी राजीनामा मागत नाही. हे किती मोठे भाग्य आहे ते आयर्लंडकडे पाहिल्यावर कळते.

आता मार्टिनकडे वळू. त्याचा जन्म २० मार्च १९२३ चा, डब्लिन काउंटीतल्या रश या समुद्रकाठच्या गावातला. देहाने उंचापुरा. गेलिक फुटबॉलमध्ये उंच उडून चेंडू हातात धरणाऱ्याला फार किंमत, आणि त्या कामात हा तयार झालेला. आयरिश हवाईदलात नोकरीला लागला. ड्रमकॉन्ड्रा या डब्लिनच्या क्लबातर्फे फुटबॉल खेळू लागला. गेलिक संस्थेने दार लावून घेतल्यावर मग दुसरा रस्ता राहिलाच नाही. १९४६ साली ड्रमकॉन्ड्राने आयर्लंडचा चषक जिंकला, आणि त्याच जून महिन्यात मार्टिनला देशाच्या संघातून पोर्तुगाल आणि स्पेनच्या दौऱ्यावर जाण्याची संधी आली.

१६ जूनला लिस्बनमध्ये सामना. मार्टिन राखीव खेळाडू म्हणून बाहेर बसलेला. आयर्लंडचा गोलरक्षक जखमी झाला आणि त्याच्या जागी मार्टिनला उतरवले गेले. आपल्या देशासाठी पहिल्यांदा मैदानात पाऊल टाकायचे, तेही गोलरक्षक म्हणून! तो सामना आयर्लंडने ३–१ असा गमावला. आठवड्याने, २३ जूनला, माद्रिदमध्ये स्पेनशी गाठ होती. पुन्हा मार्टिनच गोलात. स्पेनला एकही गोल करता आला नाही आणि आयर्लंड १–० असे जिंकले. परदेशच्या भरल्या मैदानात, स्पेनसारख्या संघासमोर, हे हात कुठून आले? ते गेलिक फुटबॉलने घडवलेले हात होते. ज्या संस्थेने त्याला बाहेर काढले, त्याच संस्थेच्या मैदानांवर तो चेंडू झेलायला शिकला होता. तिला अभिमान वाटायला हवा होता. पण तिच्या दप्तरी हा मुलगा बडतर्फ होता.

त्या दौऱ्यानंतर मँचेस्टर युनायटेडने त्याला गोलरक्षक म्हणून मागणी घातली. मार्टिनला मैदानात पळून खेळायचे होते. त्याने ती नाकारली. बेलफास्टच्या ग्लेन्टोरान क्लबातून तो १९४७ च्या सुरुवातीला लीड्सला गेला आणि १९४८ च्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन व्हिला या नामांकित क्लबात. तिथे तो १९५६ पर्यंत राहिला. सेंटर हाफ ही त्याची मुख्य जागा. पण जिथे खिंडार पडेल तिथे उभा राहणारा हा गडी. १९५१–५२ च्या हंगामात व्हिलाला भरवशाचा गोलरक्षक उरला नाही, तेव्हा पुन्हा मार्टिनला हातमोजे चढवावे लागले. एक-दोन नव्हे, त्या हंगामात सत्तावीस सामन्यांत तो गोल राखीत होता. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत एकच माणूस बचावफळीचा आधारही आणि गोलरक्षकही, असे उदाहरण मिळणे कठीण. आजच्या खेळात तर ते अशक्यच आहे.

व्यावसायिक खेळाडू म्हटला की आज आपल्या डोळ्यांपुढे कोट्यवधींचे आकडे येतात. मार्टिनच्या काळी तसे नव्हते. इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती. १९४७ नंतर काही वर्षे ती हंगामात आठवड्याला १२ पौंड होती, पुढे थोडी थोडी वाढत १९५८ साली २० पौंडांवर गेली, आणि १९६१ साली ती पद्धत एकदाची मोडली. करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकत असे. मैदानात पन्नास पन्नास हजार लोक तिकिटे काढून येत, आणि ज्यांना पाहायला येत त्यांना कुशल कामगाराहून थोडे बरे वेतन मिळे. तरीसुद्धा आयर्लंडमधल्या पोराच्या दृष्टीने ते मोठेच होते. देशात कामधंदा नाही, बोटी भरभरून माणसे लिव्हरपूलला उतरत होती. बांधकामावर विटा वाहणाऱ्या आयरिश मजुराला ‘तू विलायती विटा का वाहतोस’ असे कोणी विचारले नाही. पायांवर पोट भरणाऱ्याला मात्र विचारले गेले. गेलिक खेळात मान होता, भाकरी नव्हती; आणि ज्याला भाकरीची सोय अन्य ठिकाणी करणे भाग आहे त्याच्यापासून मानही काढून घ्यायचा, ही कुठली रीत?

मार्टिनच्या कारकिर्दीचा आणखी एक पैलू आहे, आणि सीमेवर राहणाऱ्या आपणा लोकांना तो चटकन उमगेल. त्या काळी आयर्लंडचे फुटबॉल संघ दोन होते, आणि दोन्ही स्वतःला ‘आयर्लंड’च म्हणवत. बेलफास्टची संघटना १८८० पासूनची, जुनी. देशाची फाळणी झाली त्या सुमारास, १९२१ साली, डब्लिनची संघटना वेगळी झाली. पण बेलफास्टवाले दक्षिणेतल्या खेळाडूंनाही आपल्या संघात घेत, कारण त्यांच्या मते सारे आयर्लंड त्यांचेच. त्यामुळे सप्टेंबर १९४६ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. २८ तारखेला बेलफास्टमध्ये एका आयर्लंडने इंग्लंडशी सामना खेळला आणि ७–२ असा सपाटून मार खाल्ला. ३० तारखेला डब्लिनमध्ये दुसऱ्या आयर्लंडने त्याच इंग्लंडशी झुंज दिली आणि शेवटच्या काही मिनिटांत टॉम फिनीने केलेल्या एकमेव गोलाने हार पत्करली. मँचेस्टर युनायटेडचा कप्तान जॉनी केरी हा या दोन्ही सामन्यांत खेळला. तीन दिवसांत दोन आयर्लंड! मार्टिननेही पुढे बेलफास्टच्या संघातून सहा आणि डब्लिनच्या संघातून तीस आंतरराष्ट्रीय सामने खेळले.

या खेळाडूंना आपण काही द्रोह करतो आहोत असे वाटले असेल, असे मला मुळीच वाटत नाही. बोलावणे आले, देशाचे नाव तेच होते, गेले, खेळले. रेषा नकाशावर ओढली गेली म्हणून माणसाच्या मनात ती त्याच दिवशी उमटत नाही.

मात्र याचा शेवट व्हायचा तो झालाच. १९५० च्या जागतिक चषकासाठी जी पात्रता फेरी झाली तीत मार्टिनसह चार खेळाडू दोन्ही आयर्लंडकडून खेळून बसले. मार्च १९५० मध्ये रेक्सहॅमला वेल्सविरुद्ध बेलफास्टच्या संघाचा सामना ०–० असा सुटला, त्यानंतर दक्षिणेतला खेळाडू त्या संघात दिसला नाही. डब्लिनने आक्षेप घेतला, खेळाडूंवर दडपण आले, जागतिक संघटना मध्ये पडली. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंडचे प्रजासत्ताक अशी दोन नावे ठरून गेली. कोणी म्हणेल, ही बंदी तुम्हाला चालते आणि गेलिकवाल्यांची चालत नाही, हे कसे? मला वाटते, दोहोंत मूलभूत फरक आहे. एका स्पर्धेत एका माणसाने दोन संघांतून खेळू नये हा स्पर्धेचा नियम झाला. तो सामन्यापुरता असतो, शिट्टी वाजली की संपतो. गेलिक संस्थेचा नियम सामना संपल्यावर सुरू होई. रविवारी दुपारी तू कुठे होतास, कोणाबरोबर होतास, कशाकडे पाहत होतास, हे तो विचारी. पहिला नियम मला मान्य आहे, दुसरा नाही.

आता तो दिवस, ज्याच्यासाठी मार्टिनचे नाव आयर्लंडमध्ये घेतले जाते. २१ सप्टेंबर १९४९, बुधवार. लिव्हरपूलमधील एव्हर्टन क्लबाचे गुडिसन पार्क मैदान. इंग्लंडच्या संघात कप्तान बिली राइट, नील फ्रँकलिन, विल्फ मॅनियन, टॉम फिनी अशी एकाहून एक नावे. ब्रिटनच्या चार संघांबाहेरच्या एकाही देशाने तोवर इंग्लंडला इंग्लंडच्या भूमीवर हरवले नव्हते. समोर डब्लिनच्या आयर्लंडचा संघ, जॉनी केरी कप्तान. अकरांपैकी नऊ जण इंग्लंडमधल्या क्लबांचे नोकर. गोलरक्षक टॉमी गॉडविन आणि डावीकडचा टॉमी ओ’कॉनर हे दोघे तेवढे डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्सचे. पीटर फॅरेल आणि पीटर कॉर हे तर एव्हर्टनचेच खेळाडू. म्हणजे आपल्या रोजच्या मैदानावर त्या दिवशी ते पाहुणे होते.

अर्धा तास उलटून गेल्यावर आयर्लंडला पेनल्टी मिळाली. ती घ्यायला मार्टिन पुढे आला. इंग्लंडचा गोलरक्षक बर्ट विल्यम्स. पन्नास हजारांवर प्रेक्षक. मार्टिनने चेंडू जाळ्यात घातला. नंतर इंग्लंडने हल्ल्यांवर हल्ले केले. मधोमध मार्टिन, त्याच्या बाजूला केरी, आणि मागे गॉडविन. या तिघांच्या पलीकडे चेंडू जाईना. अखेरची पाच-सात मिनिटे उरली असता फॅरेलने दुसरा गोल केला. इंग्लंड ०, आयर्लंड २.

यानंतर काय व्हावे? इंग्लंडला घरात हरवणारा पहिला परदेशी संघ म्हणून आयर्लंडचा डंका वाजावा. पण चार वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९५३ रोजी, हंगेरीने वेम्ब्लीवर इंग्लंडला ६–३ असे धूळ चारली, तेव्हा पहिल्या परदेशी विजयाचा मान सर्रास हंगेरीला दिला गेला, आणि आजही पुष्कळ ठिकाणी तसेच लिहिलेले आढळते. आयरिश खेळाडू आपल्याच क्लबांत असतात, आपलीच भाषा बोलतात, त्यांना परदेशी कसे म्हणायचे, असा हा इंग्रजी हिशेब. बिचाऱ्या मार्टिनची अवस्था पाहा. क्रोक पार्कच्या लेखी तो परक्यांचा खेळ खेळणारा म्हणून आपला नव्हता, आणि इंग्लंडच्या लेखी तो पुरेसा परकाही नव्हता! एकाने आपलेपणा नाकारला, दुसऱ्याने परकेपणा. मैदानावर जे घडले ते मात्र दोघांनाही पुसता आले नाही.

मला राहून राहून वाटते ते असे. इंग्लंडच्या गर्वाला त्या दिवशी जेवढा धक्का बसला तेवढा गेलिक संस्थेच्या सर्व दक्षता समित्यांनी मिळून कधी दिला नसेल. इंग्रजांचा खेळ न खेळून इंग्रजांना काही कळत नाही. तो शिकून, त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच नियमांनी त्यांना हरवले की कळते. हे आपण भारतीयांना हॉकीवरून वेगळे सांगायला नको. १९४८ साली लंडनमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारताने ब्रिटनला ४–० ने हरवले, तेव्हा हॉकी विलायती आहे ही तक्रार कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

बंदीचे समर्थक एक मुद्दा हटकून काढतात, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. ते म्हणतात, बंदी होती म्हणूनच गेलिक खेळ जगले. बंदीच्या काळात ते खेळ भरभराटीला आले हे खरेच आहे. १९६१ च्या अखिल आयर्लंड गेलिक फुटबॉल अंतिम सामन्याला क्रोक पार्कवर ९०,५५६ प्रेक्षक होते. पण कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो म्हणून कोंबड्याने सूर्य उगवला असे होत नाही. याची कसोटी एकच: बंदी गेल्यावर काय झाले? १९७१ साली बेलफास्टच्या अधिवेशनात संस्थेने हा नियम काढून टाकला. खेळ बुडाला का? मुळीच नाही. क्रोक पार्क नव्याने बांधले गेले, ब्याऐंशी हजारांहून अधिक लोक मावतील असे; आणि अंतिम सामन्याची तिकिटे मिळवण्यासाठी तिथे आजही ओळखीपाळखी लागतात. गावोगावच्या क्लबांनी, मास्तरांनी, रविवारी पोरांना मैदानावर नेणाऱ्या बापांनी तो खेळ जगवला होता. समितीच्या माणसांनी नव्हे.

या आमच्या वार्षिकाची निम्मी पाने मराठी आणि निम्मी कन्नड. आमचे कित्येक विद्यार्थी दोन्ही विभाग वाचतात, आणि काही पठ्ठे दोन्हीकडे लिहितातही. तशा विद्यार्थ्याकडे पाहून ‘हा नक्की कुणाचा’ असे कुजबुजणारे कोणी भेटले, तर मला डॅलीमाउंट पार्कच्या गर्दीत टोपी पुढे ओढून उभा असलेला तो दक्षता समितीचा माणूस आठवतो. मराठीवर प्रेम असलेल्याने मराठीत चांगले लिहावे, लिहवून घ्यावे, वाचनालयात मराठी पुस्तके वाढवावीत. हे काम एवढे आहे की पहारा द्यायला वेळच उरणार नाही.

मार्टिन १९५६ साली इंग्लंड सोडून मायदेशी परतला आणि वॉटरफर्ड क्लबाचा खेळाडू-व्यवस्थापक झाला. त्याचा मुलगा मिक मार्टिन पुढे मँचेस्टर युनायटेडकडून आणि आयर्लंडकडून खेळला. म्हणजे ज्या क्लबाला बापाने नकार दिला होता तिथे मुलगा पोहोचला. सत्तरीच्या दशकात मुलगा खेळू लागला त्या सुमारास बापाचे १९४१ चे पदक बापाला मिळाले. त्या पदकाचे त्याला काय वाटले असेल याची कल्पना करीत बसण्यात अर्थ नाही. पण तीस वर्षे ते ज्या कपाटात पडून राहिले त्या कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्यांना ते रोज दिसत होते की नाही, हे जाणून घ्यायला मला आवडले असते.

गेलिक संस्थेचे माझ्या मते खरे मोठेपण दिसले ते पुढे. १९७१ साली नियम गेला तरी तिच्या मैदानांवर विलायती खेळांना मज्जाव होताच. २००५ साली संस्थेने क्रोक पार्कपुरता तोही सैल केला, कारण डब्लिनचे दुसरे मोठे मैदान पाडून नवे बांधायचे होते आणि देशाच्या संघांना जागा नव्हती. २४ फेब्रुवारी २००७ रोजी इंग्लंडचा रग्बी संघ तिथे उतरला. जिथे १९२० साली गोळ्या झाडल्या गेल्या होत्या तिथे इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजले. ऐंशी हजार लोक ते संपेपर्यंत शांत उभे राहिले, आणि मग आयर्लंडने इंग्लंडला ४३–१३ असे लोळवले. महिनाभराने, २४ मार्चला, क्रोक पार्कवर पहिल्यांदाच फुटबॉलचा आंतरराष्ट्रीय सामना झाला. आयर्लंडने वेल्सला १–० ने हरवले. कॉन मार्टिनला चारच दिवसांपूर्वी चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण झाली होती.